वरची वाडी, खालची वाडी आणि जॉर्जियाची रग्बी

जॉर्जिया म्हटलं की आपल्याकडे हल्ली पहिल्यांदा आठवतात ती डॉक्टरकी शिकायला तिकडे गेलेली मुलं. नात्यात नाही तर शेजारात कुणाची तरी मुलगी तिबिलिसीला असते, आणि घरातली आजी हमखास विचारते, "म्हणजे अमेरिकेतलं जॉर्जिया का गं?" नाही आजी, हा वेगळा. काळा समुद्र आणि कॉकेशसचे बर्फाळ डोंगर यांच्यामध्ये वसलेला हा देश. लोकवस्ती साधारण ३७ लाख. एकट्या पुण्यात आणि आसपास याहून जास्त माणसं राहतात.

गोव्याच्या मंडळींना या देशाची ओळख आणखी एका कारणाने असेल. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ साली इराणमध्ये शिराझ इथे छळ करून मारण्यात आलं. तिचे काही अवशेष ख्रिस्ती धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात आणून ठेवले होते. सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या भिंतींमध्ये ते सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि जुलै २०२१ मध्ये भारताने त्यातला एक अवशेष जॉर्जियाला भेट दिला. तिकडे केतेवानला संत मानतात, त्यामुळे या भेटीचं मोल त्यांच्या लेखी फार मोठं.

पण या देशाची खरी नस पकडायची असेल, तर तिसरी ओळख करून घ्यायला हवी. ती म्हणजे रग्बी.

तिथे भेटल्यावर नमस्कारासाठी 'गमारजोबा' म्हणतात. या शब्दाचं मूळ 'विजय' या अर्थाच्या शब्दात आहे. शतकानुशतकं अरब, मंगोल, तुर्क, इराणी, रशियन अशा सगळ्यांच्या टाचेखाली गेलेल्या लोकांनी रोजच्या रामरामातच विजय घालून ठेवावा, हे मला फार आवडतं. आणि त्यांच्या रग्बी संघाचं नाव काय, तर 'लेलो'. स्टेडियममध्ये हजारो लोक "लेलो, लेलो" ओरडायला लागले की आपल्याला भाजीवाल्याची आठवण यावी! पण लेलो हा त्यांचा जुना शब्द आहे, आणि तो समजून घ्यायला राजधानी सोडून पश्चिमेला, गुरिया प्रांतातल्या शुखुती गावी जावं लागतं.

लांचखुती नावाच्या छोट्या शहराजवळ हे गाव आहे. हिरवंगार, दमट, डोंगरउताराचं. कोकणातल्या माणसाला परकं वाटणार नाही असं. गावाचे दोन भाग, वरचं शुखुती आणि खालचं शुखुती. आपल्याकडे वरची वाडी, खालची वाडी असते ना, अगदी तसंच. एरवी सोयरिकी, देणीघेणी, सगळं गुण्यागोविंदाने चालतं. पण ईस्टरच्या रविवारी दुपारी दोन्ही वाड्या समोरासमोर उभ्या ठाकतात.

त्या दिवशी खेळतात तो 'लेलो बुर्ती'. 'बुर्ती' म्हणजे चेंडू. या चेंडूचं वजन असतं १६ किलो! जाड चामड्याचा, आत माती ठासून भरलेला आणि वरून वाइन पाजलेला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गावचा धर्मगुरू चेंडूला आशीर्वाद देतो आणि तो जमलेल्या गर्दीत टाकतो. पुढे जे होतं त्याला खेळ म्हणावं की दहीहंडीची आडवी पडलेली गर्दी, असा प्रश्न पडतो. किती खेळाडू असावेत याला मर्यादा नाही, वेळेचं बंधन नाही, पंच नाही. वरच्यांनी चेंडू आपल्या बाजूच्या ओढ्यापलीकडे न्यायचा, खालच्यांनी आपल्या. शेकडो पुरुष एकमेकांत अडकून एकाच गोळ्यासारखे पुढेमागे सरकत राहतात, त्यांच्या अंगातून वाफा निघत असतात. कधी गोळा कुंपणात घुसतो, कधी कुणाच्या अंगणात. चेंडू कुठे आहे ते बाहेरच्याला दिसतही नाही. बायका, म्हातारी माणसं, पोरं कडेने ओरडत असतात.

जिंकणाऱ्यांना बक्षीस काय? काहीच नाही. ढाल नाही, पैसे नाहीत. जिंकलेली वाडी तो चेंडू घेऊन दफनभूमीत जाते आणि आपल्यातल्या नुकत्याच गेलेल्या कुणाच्या तरी कबरीवर ठेवते. हा विजय तुझा, म्हणून. तिथल्या दफनभूमीत फिरताना थडग्यांवर असे काळे पडलेले, भेगाळलेले जुने चेंडू दिसतात. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं असेल, त्या घरातले भाऊ, पुतणे, मुलगे कोणत्या जिद्दीने गर्दीत घुसत असतील याची कल्पना करा. २०१४ मध्ये जॉर्जियाने या खेळाला देशाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आता गंमत बघा. रग्बी तिथे आली ती पार वेगळ्या वाटेने. जॅक हास्पेकियन नावाचा, फ्रान्समध्ये वाढलेला आर्मेनियन माणूस सोव्हिएत काळात तिबिलिसीला पोहोचला आणि १९५९ मध्ये त्याने तिथल्या काही विद्यार्थ्यांना घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर रग्बी शिकवायला सुरुवात केली. जॉर्जियन लोक अभिमानाने सांगतात, की रग्बी म्हणजे आमचाच लेलो. इतिहास एवढा सरळ नसतो. इंग्लंडच्या खेड्यांतही असले दांडगे चेंडूखेळ होतेच, आणि रग्बी त्यांच्यातून निघाली. पण नवा खेळ त्यांना अनोळखी वाटला नाही, हे मात्र खरं. रग्बीत चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवला की 'ट्राय' होतो, त्याला ते आजही 'लेलो'च म्हणतात.

ज्यांनी रग्बी कधी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पंधरा-पंधरा खेळाडू, लंबगोल चेंडू, हातात घेऊन पळायचं, पण पास द्यायचा तो फक्त मागे किंवा बाजूला. ट्रायचे ५ गुण, त्यानंतरची किक बसली तर आणखी २, पेनल्टीचे ३. आणि एक प्रकार म्हणजे 'स्क्रम'. दोन्हीकडचे आठ-आठ गडी डोकी खाली घालून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. कबड्डीतली साखळी आणि कुस्तीतली खडाखडी एकत्र केली तर जे होईल ते.

या स्क्रममध्ये जॉर्जियन माणसाचा हात धरणारे जगात थोडे. त्यांच्याकडे 'चिदाओबा' ही पारंपरिक कुस्ती आहे, ढोल आणि सनईसारख्या वाद्याच्या साथीने चालणारी. २०१८ मध्ये युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं. कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको, की ज्या मातीत तालीम असते तिथल्या पोरांच्या मानेत काय ताकद असते. फ्रान्सचे क्लब म्हणूनच जॉर्जियाचे धिप्पाड 'प्रॉप' खेळाडू वर्षानुवर्षं उचलत आले आहेत. मामुका गोर्गोद्झे हा तर तिकडे दंतकथाच झाला. 'गोर्गोद्झिला' हे त्याचं टोपणनाव. २०१५ च्या विश्वचषकात न्यूझीलंडकडून संघ ४३-१० असा हरला, तरी सामन्याचा मानकरी ठरला तो गोर्गोद्झेच.

सुरुवात मात्र फार खडतर होती. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि लगेच यादवी, वीजटंचाई, रिकामी दुकानं. मैदानं नव्हती, साहित्य नव्हतं. स्क्रमच्या सरावासाठी जुने सोव्हिएत ट्रॅक्टर वापरल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. २००३ मध्ये पहिल्यांदा विश्वचषकाला गेले, तर इंग्लंडने ८४-६ असं धुतलं. चारच वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच संघाने बलाढ्य आयर्लंडला घाम फोडला. १४-१० असा सामना गेला, पण शेवटच्या मिनिटांत आयर्लंडची अक्षरशः गाळण उडाली होती. त्याच स्पर्धेत नामिबियाला ३०-० हरवून त्यांनी विश्वचषकातला पहिला विजय मिळवला.

मग आलं २०२२. जुलैत काळ्या समुद्राकाठच्या बातुमीमध्ये इटलीवर २८-१९ असा विजय. आणि १९ नोव्हेंबरला कार्डिफमध्ये, वेल्सच्या घरात, मध्यंतराला १२-३ असे मागे असताना त्यांनी डाव फिरवला. सामना संपायला दोन-तीन मिनिटं उरली असताना स्क्रम लागला, जॉर्जियाने वेल्सच्या गड्यांना रेटलं, पेनल्टी मिळाली आणि लुका मातकावाने चेंडू खांबांमधून पाठवला. १३-१२. रग्बी ज्यांच्या रक्तात आहे असं म्हणतात, त्या वेल्सच्या मैदानावर!

एवढं करून मिळालं काय, हा खरा प्रश्न. युरोपातली सर्वांत मानाची रग्बी स्पर्धा म्हणजे 'सिक्स नेशन्स'. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली. या सहा घरांचं दार आतून बंद आहे. शेवटचा आला म्हणून कुणी बाहेर जात नाही आणि खालच्या स्पर्धेत पहिला आला म्हणून कुणाला आत घेत नाहीत. जॉर्जियाने खालची स्पर्धा २०१८ ते २०२५ सलग आठ वेळा जिंकली. दुसरीकडे इटलीने सिक्स नेशन्समध्ये २०१५ ते २०२२ या काळात लागोपाठ ३६ सामने गमावले, तरी तिची जागा शाबूत.

जाता जाता एक आठवण. याच स्पर्धेत इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या करंडकासाठी भांडतात त्याचं नाव कलकत्ता कप. १८७८ मध्ये तिथला इंग्रजांचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये वितळवून तो घडवला. झाकणावर हत्ती, मुठींना नाग. म्हणजे आपले रुपयेसुद्धा त्या घरात आहेत, जॉर्जिया नाही.

दाराआडच्यांची बाजूही ऐकायला हवी. इटलीने मधल्या काळात स्वतःला चांगलं सावरलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये जॉर्जियाला २०-१७ असं हरवलंसुद्धा. आणि २०२३ च्या विश्वचषकात जॉर्जियाला एकही सामना जिंकता आला नाही. पोर्तुगालशी १८-१८ अशी बरोबरी, बाकी पराभव. पण मोठ्यांशी वर्षाला मोजकेच सामने मिळणार असतील, तर संघ वाढणार कसा? पोहायला आलं की मगच विहिरीत उतर, असं सांगण्यासारखं आहे हे. २०२६ पासून मोठ्या बारा देशांची नवी स्पर्धा ठरली, त्यात सिक्स नेशन्सच्या सहांबरोबर जपान आणि फिजीही आहेत. जॉर्जिया नाही. वरखाली होण्याची सोय २०३० पासून करू, असं जाहीर केलं आहे. आज विशीत असलेल्या खेळाडूचं ऐन उमेदीचं वय तोवर निघून जाईल.

तुम्ही कधी तिकडे गेलात, मुलांना भेटायला किंवा डोंगर बघायला, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तिबिलिसीत रग्बीचा सामना आहे का ते जरूर बघा. मिखाईल मेस्खी स्टेडियम शहरातच आहे. घरचे सगळे मिळून जाता येतं. शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही. चीज भरलेली गरमागरम खाचापुरी असते, आणि मातीच्या भांड्यातला 'लोबियो' म्हणजे चक्क राजम्याची उसळ, सोबत मक्याच्या भाकरीचा भाऊबंद असलेली 'मचादी'. शुखुतीचा लेलो बघायचा असेल तर तारीख तपासून जा. त्यांचा ईस्टर ऑर्थोडॉक्स पंचांगाप्रमाणे येतो, २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे. आणि गोळ्यापासून लांब उभे राहा, लहान मुलांना तर कडेवरच घ्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात पुढचा विश्वचषक सुरू होईल. जॉर्जियाचा प्रवेश झालेला आहे. गटात दक्षिण आफ्रिका आहे, रोमानिया आहे आणि चौथा संघ इटली.