पहिल्या तासाचे राग

मारवा, पूरिया, पूरिया धनाश्री आणि नंतर यमन. एवढ्या चार रागांत माझं निम्मं ऐकणं संपलं असावं. दरबारी किंवा मालकंस समोर बसून फार ऐकलाच नाही. हा आवडीनिवडीचा भाग नव्हे. माझ्या वाट्याला कायम मैफलीचा पहिला तास आला, आणि तो नवोदितांचा असतो. दिवे लागायच्या वेळी नवशिक्यानं गायचं म्हटल्यावर दुसरं काय गाणार?

लहानपणी हा तास आईमुळे मिळाला. आमचं घर मिरजेत. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणं असायचं. आई आम्हाला लवकर नेई आणि मोठे बुवा तंबोरे जुळवायला लागले की घरी पिटाळी, कारण सकाळी शाळा. त्यामुळे नामवंतांची तोंडओळख तेवढी झाली. ऐकली ती गावातली पोरं. कुणी सतारमेकर गल्लीतला, कुणी शेजारच्या वाड्यातली. सूर घसरला की पुढच्या रांगेतले आजोबा मान खाली घालत. ओळखीचे असल्यामुळे उगाच ‘वाहवा’ करत नसत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच येऊन बसत.

दर्ग्यातल्या उरुसाची तऱ्हा वेगळी. खाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. ते १९३७ साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ गाणारा तिथं कार्यक्रम करत नाही, हजेरी लावतो. चिंचेच्या झाडाखाली ज्या बैठकीवर नावाजलेले गायक बसतात, तिथंच गावातला मुलगाही बसतो. मानधनाचा प्रश्नच नसल्यामुळे लहानमोठं ठरवायचं एक कारण आपोआप जातं.

पुढे मीही थोडं शिकले. गाण्यात पुढे गेले नाही, पण मैत्रिणींच्या मागे तंबोऱ्यावर बसले. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार निषादात लावायची. षड्जावर फार रेंगाळायचं नाही, ऋषभ-धैवतावर तोलून राहायचं. विशीतल्या गळ्याची तिथं कसोटी लागते, कारण आधाराला पटकन टेकता येत नाही. मागे बसलं की गाणारीचा श्वास कुठं तुटतो ते पाठीवरून कळतं.

पुण्यात आले तेव्हा उपनगरातल्या संगीत सभांची चटक लागली. महिन्यातून एकदा एखाद्या शाळेच्या सभागृहात, फुकट प्रवेश, मध्यंतरात चहा. निमंत्रणपत्रिकेवर ‘नवोदितांना व्यासपीठ’. प्रत्यक्षात आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग प्रायोजकांचे दोन शब्द (ते दोन कधीच नसतात). रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. तसे नियम २००० साली आले. १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा एके काळी रात्रभर चाले. तेव्हा उशीर झाला तर पहाट थोडी पुढे सरकायची. आता शेवट पक्का असतो आणि उशीर पहिल्या कलाकाराच्या खात्यातून वजा होतो. पाऊण तासाची वीस मिनिटं होतात आणि पंधराव्या मिनिटाला चिठ्ठी येते: आवरतं घ्या.

विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिट सहज घेतं. द्रुतला वेळ राखून ठेवला तर हाती पंधराएक आवर्तनं उरतात. त्यात बढत कुठून होणार? मग पोरं शहाणी होतात. आलाप गाळतात, तराणा उडवतात, अभंगावर संपवतात. टाळ्या कडकडून पडतात. नव्या पिढीला धीर नाही म्हणून हळहळणारेच या चिठ्ठ्या लिहितात, याचा मला राग येतो.

आता त्यातल्याच एका सभेच्या कार्यकारिणीत मी आहे. सत्कार मध्यंतरानंतर घ्या, एवढंच मागितलं. खजिनदारांना प्रायोजक नाराज होतील अशी भीती होती. एका सभेपुरतं करून बघू, असं ठरलं. त्या दिवशी गाणाऱ्या मुलाला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न: ‘‘काकू, यमनच बरा ना? मारवा म्हटला तर तेवढ्यात उभा राहणार नाही.’’

‘‘पन्नास मिनिटं आहेत तुला,’’ मी म्हटलं. ‘‘मारवा गा. आणि साडेपाचलाच ये, तार निषादात लावायची आहे.’’