वापसी

आमच्याकडे केळीच्या मालाचे तीन भाव निघतात: नवती, पिलबाग आणि वापसी. पहिल्या लागवडीचा माल तो नवती. ते झाड कापल्यावर बुंध्याशी राखलेल्या पिलाला घड येतो, तो पिलबाग. आणि डागी, बारीक म्हणून छाटून बाजूला पडतो, तो वापसी. चोपडा तालुक्यातल्या माझ्या गावात हे शाळकरी पोरालाही माहीत असतं.

पुण्याहून परतलो तेव्हा मी स्वतःला तिसऱ्या ढिगात टाकून मोकळा झालो होतो.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाच वर्षं गेली. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. शेवटच्या वेळी दीड गुण कमी पडले. महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगावला उतरलो, पुस्तकांची दोन खोकी एसटीत चढवली आणि मुद्दाम अंधार पडल्यावर घरात शिरलो. पुढचे दोन महिने चौकात गेलो नाही. धुळ्याला मामेबहिणीचं लग्न होतं, तेही पोटदुखीचं निमित्त काढून टाळलं. कुणी "लागना का रे?" विचारेल, एवढीच भीती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आधी, वादळ आलं. वीस मिनिटांत आमची केळी कमरेत मोडली. दीड महिन्यात कापणी होती. थोडे भरत आलेले घड वापसीच्या भावात गेले, बाकीचे गुरांपुढे.

आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी मात्र विळा घेऊन निघाले आणि मला म्हणाले, "चाल."

मोडलेलं झाड कापायचं, मग वाकून बुंध्याशी आलेली पिलं बघायची. तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचं एक राखायचं, बाकीची काढायची. रुंद पानांचं पिल दिसायला छान, पण दमाचं नसतं. तासाभराने मी वैतागून म्हणालो, सगळं उपटून टाकू. आप्पांनी वर न बघता सांगितलं, "घड गया. कंद शे ना."

केळीचं जे उभं दिसतं ते तिचं खरं खोड नसतंच. ती पानांच्या देठांची गुंडाळी. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. वादळ मोडतं ती गुंडाळी. हे मी लहानपणापासून ऐकत होतो, कळलं त्या दिवशी.

संध्याकाळी शेजारचे काका ओट्यावर आले. पंचनाम्यासाठी तलाठ्याला अर्ज लिहून हवा होता. कुणाकडे द्यायचा, गट नंबर कुठे टाकायचा, सोबत काय जोडायचं, सगळं हातातून आपोआप उतरलं. रात्रीपर्यंत अकरा अर्ज झाले. अकरा जणांपैकी एकानेही माझे गुण विचारले नाहीत. परीक्षेत दीड गुणाला न पुरलेला अभ्यास ओट्यावर पुरला. त्या रात्री दोन महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

माझ्या पदवीच्या कागदावर बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला ते दिलं गेलं. असोद्याची ही लेक तिशीत विधवा झाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर ती ओव्या रचत गेली. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी काही उतरवून घेतल्या. पुस्तक आलं १९५२ मध्ये, ती गेल्यावर एका वर्षाने. त्या कवितांची किंमत पुस्तकाने वाढवली नाही. लोकांना ती कळली, इतकंच. मी मात्र यादीत नाव आलं तरच आपल्याला किंमत, असं पाच वर्षं धरून बसलो होतो.

मी अधिकारी झालो नाही. अजूनही निकालाच्या दिवशी मोबाइल लांब ठेवतो. आणि पिलबागेला नवतीचा भाव मिळत नाही, हेही खरं. पण तिला नवी रोपं लागत नाहीत. मुळं जुनीच असतात, म्हणून ती लवकर निसवते.

पुढच्या मार्चमध्ये चोपड्याच्या स्टँडवर जुना वर्गमित्र भेटला. "लागना का रे?"

"नई," मी म्हणालो. "केळी कापानी शे आज."

"नवती?"

"पिलबाग."