जरा खोकून दाखवा

दिवाळी झाली की आमच्याकडे पूर्व विदर्भात धान घरी येतं आणि त्याच्यामागोमाग खोकला. आधी हलकं धान निघतं, मग भारी. गावोगाव थ्रेशर सुरू होतात, राइस मिलच्या बाजूने जाताना कोंड्याची धूळ ओठांवर बसते आणि त्याच सुमारास नागझिऱ्याच्या जंगलाकडून पहाटेची बोचरी थंडी उतरते. तेव्हा दवाखान्यातल्या बाकावर सुरू झालेलं खोकणं संक्रांतीपर्यंत थांबत नाही.

“छाती भरली जी मॅडम, कफ सुटतच नाही.”

मी स्टेथोस्कोप लगेच लावत नाही. “जरा खोकून दाखवा,” म्हणते. घशातली कोरडी ढास वेगळी आणि छातीतून येणारा ओला, खरखरीत खोकला वेगळा. कानाला हा फरक आता आपोआप कळतो. मग पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली नळी ठेवते. जाडसर, घोरल्यासारखा आवाज येतो. नळी जागची न हलवता पुन्हा खोकायला सांगते आणि पुन्हा ऐकते. आवाज गेला किंवा बदलला, तर मोठ्या श्वासनलिकांतला कफ हलला. हा बहुधा ब्राँकायटिस. पण केसांची बट कानाजवळ चोळावी तसा बारीक चुरचुर आवाज एकाच जागी राहिला आणि खोकूनही हटला नाही, तर न्यूमोनियाची शंका येते, एक्स-रे काढावा लागतो. पॅरिसमध्ये १८१६ साली रने लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली, तोच पहिला स्टेथोस्कोप, आणि पुढे तीन वर्षांनी या आवाजांवर ग्रंथ लिहिला. इतक्या यंत्रांच्या गर्दीतही दोन खोकल्यांमधलं हे ऐकणं जुनं झालेलं नाही. आणि त्याला पैसे लागत नाहीत.

श्वासनलिकांचं आतलं अस्तर सुजतं, त्यातून चिकट कफ पाझरू लागतो, म्हणजे ब्राँकायटिस. अचानक होणारा बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. ताप दोन-चार दिवसांत उतरतो, पण सोललेलं अस्तर नव्याने भरून यायला वेळ लागतो, म्हणून खोकला अडीच-तीन आठवडे रेंगाळतो. लोकांना तो आठवड्यात जायला हवा असतो. आठव्या दिवशी माणूस दुसऱ्या दवाखान्यात जातो, तिथे अँटिबायोटिक आणि सुई घेतो, पंधराव्या दिवशी बरं वाटतं आणि श्रेय सुईला मिळतं. कफ पिवळा झाला म्हणजे जंतू झाले, हीसुद्धा पक्की समजूत. तो रंग बहुतेकदा आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. निव्वळ पिवळ्या कफासाठी मी अँटिबायोटिक लिहीत नाही, रुग्ण नाराज झाला तरी.

मग घरी काय करायचं, हे मात्र नीट सांगावं लागतं. कोमट पाणी दिवसभर घोट-घोट प्यायचं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. रात्री झोपताना चमचाभर मध. त्याने मुलांच्या रात्रीच्या खोकल्याला खरोखर उतार पडतो, मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवायचा नाही. डोक्याखाली दोन उशा. वाफेने बरं वाटतं, पण उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलाला वाकवू नका, हे मी हात धरून सांगते. भाजलेली लेकरं पाहिली आहेत.

अडुळसा आमच्याकडे बांधावर, कुंपणाला असतो. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो टिकतो. त्याच्या पानांत व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्याच्याच धर्तीवर पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. आज खोकल्याच्या कित्येक बाटल्यांच्या लेबलवर हे नाव सापडेल. म्हणून पानांचा काढा घेणाऱ्या आजीला मी कधी अडवत नाही. पण गरोदर बाईला अडुळसा नको, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. ज्येष्ठमध रोज चघळणाऱ्याचा रक्तदाब वाढू शकतो. झाडाचं आहे म्हणून ते बाधत नाही, असं नसतं.

तरीही इथल्या खोकल्यावरचा सगळ्यांत मोठा नैसर्गिक उपाय काढ्यात नाही, धूर-धूळ टाळण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. श्वासनलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म केसांची झालर असते; ती सतत हलत कफ आणि धूळ वर ढकलते. धूर तिला लुळी पाडतो. आणि धूर आमच्याकडे बारा महिने आहे. घरात चूल, पुरुषांच्या ओठात बिडी. बायका अंगणात बसून बिड्या वळतात, मांडीवरच्या सुपातून तंबाखूची भुकटी नाकात जात राहते. उन्हाळ्यात मोह वेचता यावा म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. ओल खाल्लेली तणस झाडली की बुरशीचा ढग उठतो. सलग दोन वर्षं, दर वर्षी निदान तीन महिने कफाचा खोकला असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर त्याला जुनाट ब्राँकायटिस म्हणतात. बिडी कधीच न ओढलेल्या बायकांमध्ये तो पाहिला की पूर्वी आम्ही बुचकळ्यात पडायचो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर, म्हणजे श्वास अडवणाऱ्या जुनाट फुप्फुसविकारावर, लेख लिहिला, त्यात चुलीच्या धुराला त्याचं खरं स्थान मिळालं.

म्हणून मी विचारते: चूल कुठे आहे? धूर कुठून निघतो? थ्रेशरवर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे राहता? वाऱ्याकडे पाठ करून, नाकातोंडावर दुपट्ट्याची दुहेरी घडी बांधून काम केलं तरी रात्रीची ढास कमी होते. हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिते, गोळीच्या वर.

थांबायचं कुठवर, हेही त्याच चिठ्ठीवर असतं. दोन आठवडे खोकला टिकला तर बेडक्याची तपासणी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते आणि क्षयरोग आपल्या भागातून गेलेला नाही. थुंकी नको, सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका हवा. कफात रक्त, बसल्या जागी धाप, पायांवर सूज, झपाट्याने उतरलेलं वजन असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. आणि पूर्व विदर्भात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: घरात कुणाला सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे का? सिकलसेलच्या मुलाला ताप, खोकला आणि छातीत दुखणं एकत्र आलं, तर काढा उकळत बसायचं नाही. त्याच्या फुप्फुसातला रक्तप्रवाह अडकत असू शकतो. त्याच तासाला गोंदियाला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्यायचं.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईने चूल पडवीत हलवली आणि त्या हिवाळ्यात तिला बराच आराम पडला. पण मृगाचा पाऊस लागला की लाकडं ओली होतात, पडवी गळते आणि चूल पुन्हा आत येते. गॅस आहे, सिलिंडर मात्र पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं. पुन्हा भरायला रोख पैसा लागतो आणि तो धान विकल्याशिवाय येत नाही. आता तिच्याशी माझं बोलणं खोकल्यावर कमी आणि पावसाआधी कोरडी लाकडं कुठे रचायची, निदान सकाळचा चहा आणि पाणी गॅसवर होईल का, यावर जास्त चालतं. यंदा तिने मुलाला सांगून छपराजवळ भिंतीला झरोका पाडून घेतला आहे. श्रावणात ती येईल तेव्हा तिच्या पाठीला नळी लावून पाहीन.