लंगोटाचा ताळेबंद

बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढलेल्या माणसाला जगातला कोणताही प्रश्न दोन रकान्यांत दिसू लागतो. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. मग ते लग्नकार्य असो, म्हैस घेणं असो, की शेजाऱ्याचं मांजर. त्यामुळे आमच्या थोरलीने पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघण्यापूर्वी पुण्याहून फोन केला आणि "बाबा, बाळाला लंगोट वापरायचे की डायपर, ते आधी ठरवा. इथं आमच्यात रोज वाद होतो," असं सांगितलं, तेव्हा मी एक रद्द झालेलं व्हाउचर उलटं केलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ मारली.

आधी डायपर. नवं बाळ दिवसाकाठी आठ-दहा वेळा तरी आपलं मत मोकळेपणाने व्यक्त करतं. एक डायपर दहा रुपयाला धरला, तर दिवसाचे ८०, महिन्याचे २,४०० आणि दोन वर्षांचे ५७,६००. पुढेपुढे बाळ जरा संयमी होतं म्हणून घट सोडली, तरी चाळीस हजार कुठे गेले नाहीत. आणि हे २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्यानंतरचं, म्हणजे सरकारने हात सैल सोडल्यावरचं गणित.

आता लंगोट. भांडवली खर्च शून्य. आमच्या आईच्या ट्रंकेत नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आठ धोतरं घड्या घालून ठेवलेली आहेत. जुनं धोतर म्हणजे लंगोटांचा राजा. शे-दोनशे धुण्यांत त्याचा सगळा ताठा गेलेला असतो. (माणसांच्या बाबतीतही असं होतं म्हणतात, पण आमच्या शाखेत तसा अनुभव नाही.) तेव्हा लंगोट एकदम फायद्यात, असं वाटलं ना? पण थांबा. गाव सांगोला आहे.

सांगोला म्हणजे डाळिंब. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल निघाली ती आमच्याच स्टेशनातून, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. पण ते डाळिंब पिकतं कसं? ठिबकवर, थेंब थेंब मोजून. ज्या तालुक्यात झाडाला पाणी थेंबाने देतात, तिथे नातवाच्या लंगोटांना बादलीने द्यायचं? रोज तीन बादल्या म्हणजे ४५ लिटर, महिन्याला १,३५० लिटर. आमच्या गल्लीत नळाचं येणं पाहुण्यासारखं; कधी येईल सांगता येत नाही आणि आला की घरातले सगळे धावतात. हे १,३५० लिटर कोणत्या खात्यातून उचलायचे?

मी प्रश्न बँकेत नेला. जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे सर्व प्रश्न सुटतात, फक्त बँकेचे सोडून. आमचा एक तरुण सहकारी मोबाईलवर सगळं जग बाळगतो. त्याने सांगितलं, इंग्लंडच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००८ साली या विषयाचा मोठा अभ्यास केला. एका मुलामागे अडीच वर्षांत हवेत जाणारा कार्बन मोजला तर फेकायच्या डायपरचा साधारण ५५० किलो आणि धुवायच्या लंगोटाचा ५७० किलो. म्हणजे लंगोटच किंचित जास्त! मी चाट पडलो. पण पुढचं वाचलं तर उलगडा झाला. तिकडे ते लंगोट कढत पाण्यात यंत्रात धुतात आणि विजेच्या यंत्रात वाळवतात. तेच दोरीवर वाळवले, यंत्र पुरतं भरून धुतले आणि धाकट्या भावंडालाही वापरले, तर २०० किलो वाचतात. त्या साहेब लोकांना वैशाखात आमची गच्ची दाखवायला हवी होती. लंगोट दोरीच्या या टोकाला टाकत टाकत त्या टोकाला पोचावं, तर पहिला वाळून कडक. ऊन ही एकच गोष्ट सांगोल्यात चोवीस तास मिळते असं रात्रीसुद्धा वाटतं.

तेवढ्यात पीककर्जाच्या कामाला आलेले एक बागायतदार मध्येच म्हणाले, "सायेब, त्या डायपरात पांढरी पूड असती बगा, पानी धरनारी. तसलीच आमी झाडाच्या बुडात टाकतो." खरं होतं त्यांचं. डायपरातली पूड सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवणारी. त्याच कुळीतलं हायड्रोजेल कोरडवाहू जमिनीत मुळांपाशी घालतात. दिल्लीच्या पुसा संस्थेने त्याचं एक वाण काढलेलं आहे. माझ्या मनात डायपरबद्दल एकदम आदर उत्पन्न झाला. पण बाहेरचं प्लास्टिक आठवलं आणि तो लगेच ओसरला. २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे वापरलेला डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचा असे. आमच्या कोपऱ्यावरच्या कुत्र्यांनी तो नियम वाचलेला नव्हता.

संध्याकाळी व्हाउचर घेऊन घरी आलो आणि सर्वांसमोर वाचून दाखवलं. सौ. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळं लिहिलंत. धुणार कोण, तो रकाना कुठाय?"

मी आईकडे पाहिलं. जुन्या वळणाची बाई, ती लंगोटाचीच बाजू घेणार, यात मला शंका नव्हती. आई म्हणाली, "डायपर आणा."

आम्ही दोघंही बघत राहिलो.

"बहात्तरच्या दुष्काळात मी सतरा वर्सांची," आई सांगू लागली. "आई खडी फोडायला जायची कामावर, आन् तान्हा भाऊ माझ्याकडं. माण कोरडी ठाक. वाळूत हातभर झिरा खांदायचा आन् वाटीनं पानी भरायचं. घागर भराया निम्मी रात्र जायाची. त्यातलं पानी लंगोटाला कोन देनार? वाळल्यालं लंगोट राखंनं चोळायचं, झटकायचं, उनात टाकायचं, पुन्हा तेच बांधायचं. पोराच्या मांड्या सोलून निगाल्या व्हत्या. रडून रडून झोपायचा. तवा कुनी डायपर दिला असता तर पाया पडले असते मी त्याच्या."

हा मामा मला चांगला ठाऊक आहे. सहा फूट उंच, फौजेतून निवृत्त. त्याच्याबद्दल हे मी कधीच ऐकलं नव्हतं. आता टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी तालुक्यात आलंय, पण आई अजून भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घालते, ते का, हे मला त्या दिवशी समजलं.

मग आई उठली, ट्रंक उघडली, नानांचं सगळ्यात वरचं धोतर काढलं आणि काठाला दात लावून टर्रकन फाडलं. मी म्हटलं, "आई, अगं डायपर म्हणालीस ना?"

"रात्रीला. टाक्यांची बाई ती, दर तासाला उठवायची व्हय? दिवसा हे. त्यांच्या धोतरात पणतू निजू दे की." आणि दुसरी पट्टी फाडली. सात धोतरांचे लंगोट झाले. आठवं परत ट्रंकेत गेलं. का, ते मी विचारलं नाही.

नातू झाला. दिवसा लंगोट, रात्री डायपर, अशी दोन खाती सुरळीत चालू आहेत. धुण्याचा रकाना मात्र अनपेक्षितपणे भरला. शनिवारी पुण्याहून जावईबापू येतात आणि दोन दिवस सगळे लंगोट स्वतः धुतात. सौ.ने पहिल्यांदा बादली हिसकावून घेण्याचा प्रयत्न केला. "अहो, लोक काय म्हणतील! जावई आणि लंगोट!" जावईबापू हसले आणि बादली घेऊन गच्चीवर गेले. समोरच्या काकूंनी खालून विचारलं, "जावई वर काय करतायत हो इतका वेळ?" तेव्हा सौ.ने न अडखळता सांगितलं, "योगासनं."

पुढच्या रविवारी गल्लीतल्या तीन बायका योगासनं बघायला आपापल्या गच्चीवर हजर होत्या. जावईबापूंनी त्यांना नमस्कार केला आणि ओल्या दुपट्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. म्हणाले, "बाबा, पिळा."