चलो काय चली?

दारात कढीपत्त्याचे झाड असले की फोडणीची सोय होते, आणि एका फुलपाखराच्या बाळंतपणाचीही. इंग्रजीत त्याला ‘कॉमन मॉर्मन’ म्हणतात, शास्त्राच्या वहीत पॅपिलिओ पॉलिटिस. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथात एकेकाळी एका पुरुषाला अनेक बायका असत, त्यावरून हे नाव पडले म्हणे. मी आपला त्याला बहुरूपी म्हणतो. नराचा वेष ठरलेला: काळे पंख आणि मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा आडवा पट्टा. मादीचे मात्र तीन अवतार. एक ‘कॉमन रोझ’ची हुबेहूब नक्कल, दुसरा ‘क्रिमझन रोझ’ची. ही दोन्ही गुलाबे ईश्वरीच्या कुळातल्या वेलींवर वाढतात आणि अंगात विष बाळगतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. नक्कल करणारीला विषाशिवाय तेवढे संरक्षण फुकट मिळते. तिसरा अवतार सरळ नरासारखा दिसतो. त्याला ‘सायरस’ म्हणतात, आणि घोळ होतो तो इथेच.

आमच्या झाडावर अंडी घालताना मी जी पाहिली ती लाल-पांढऱ्या ठिपक्यांची, कॉमन रोझच्या वेषातली होती. त्यातल्या चार अळ्या बरणीत वाढवल्या. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार, आणि डिवचले तर डोक्यामागून लाल शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतात. आईने हा प्रकार एकदाच पाहिला आणि बरणी स्वयंपाकघरातून हद्दपार केली.

तीन पिसोळीं नेहमीसारखी निघाली. चौथे पट्टेवाले, म्हणजे दर्शनी नर. पण मागच्या पंखाच्या कोपऱ्यात ठसठशीत लाल डाग, आणि खालच्या बाजूला लाल चंद्रकोरींची ओळ. आई चष्मा पुसत म्हणाली, “चलो काय चली?” शेजारचे मास्तर, जे शाळेत विज्ञान शिकवतात, ते पेटीच घेऊन आले. त्यांच्या मते हे अर्धनारी असण्याची शक्यता होती, आणि तसे असेल तर ते टाचणीला लावून शाळेत ठेवलेच पाहिजे.

मास्तरांची शंका पोरकट नव्हती. आपल्या शरीरात लिंगाचा हुकूम बराचसा रक्तातून, संप्रेरकांमार्फत फिरतो. फुलपाखरात जवळजवळ प्रत्येक पेशी आपला निकाल आपणच लावते. तिथे मादीची गुणसूत्रे झेड-डब्ल्यू आणि नराची झेड-झेड, आपल्या उलट. सुरुवातीच्या विभाजनात गडबड झाली तर एक बाजू नराची आणि दुसरी मादीची असे फुलपाखरू खरोखर जन्मते. तसे असते तर डावा-उजवा पंख जुळले नसते. आम्ही भिंग लावून ठिपकान् ठिपका ताडून पाहिला. दोन्ही बाजू सारख्या.

म्हणजे नर की सायरस? लाल खुणा मादीत सहसा ठळक असतात, पण नरांतही थोडाफार फरक असतोच, तेव्हा केवळ पंखांवर निकाल देणे म्हणजे अर्जदाराचा फोटो पाहून जन्मतारीख लिहिण्यासारखे. पोटाचे टोक पाहावे लागते: नराला तिथे दोन झडपा असतात, मादीला धरून ठेवण्यासाठी. पण पंख अजून ओले होते आणि आई मास्तरांना हात लावू देईना. “तें सुकूं दी रे पयलीं,” एवढेच ती म्हणाली.

तेव्हा मला बरणीतल्या रिकाम्या कोषाची आठवण झाली. कार्यालयात माणूस निघून गेला तरी फाईल मागे उरते, कोषाचेही तसेच. त्याच्या टोकाकडे, पोटाच्या बाजूला, जननेंद्रियाची खूण साच्यासारखी उमटलेली राहते. नरात नवव्या वलयावर दोन बारीक उंचवटे आणि मधे चीर. मादीत ती चीर आठव्या वलयापर्यंत चढते. वलये मोजायला आम्हाला अर्धा तास लागला, कारण कोष टोकाशी चुरगळला होता आणि मास्तर दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करत. शेवटी दोघांचा आकडा जुळला. उंचवटे नव्हते, चीर आठव्यावर होती. मादी.

आईला मी म्हटले, “चली.” ती म्हणाली, “मगे आवयभशेन कित्याक ना?”

प्रश्न बिनतोड होता. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ साली मलाया द्वीपसमूहातल्या फुलपाखरांवर लिहिताना या निरनिराळ्या रूपांच्या माद्या एकाच जातीच्या असल्याचे मांडले होते. आईच्या प्रश्नाचे उत्तर यायला मात्र बराच काळ गेला. २०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ही रूपे ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकावर अवलंबून असतात. तेच जनुक, जे कीटकांत नर-मादी घडवण्याचे काम करते. नकलेचा वेष प्रभावी, साधा वेष अप्रभावी. म्हणजे आमच्या गुलाबवेषधारी आईकडे साध्या वेषाची एक प्रत दडलेली होती, आणि दुसरी लेकीला बापाकडून आली. बाप स्वतः नकलेचे जनुक बाळगत असला तरी ते त्याच्या पंखांवर कधी उमटत नाही. ते दिसते फक्त लेकींत.

हे मी आईला जमेल तसे कोकणीत सांगितले. तोवर पंख सुकले होते. मास्तरांनी पेटीत कोष ठेवला, खाली तारीख घातली आणि ‘मादी, सायरस’ असे लिहिले.