कोणते यंत्र घ्यावे?

ज्या विषयात आपणांस फारसे कळत नाही त्या विषयाचे सल्लागार पुण्यात किती सुलभ आहेत, याचा प्रत्यय आम्हांस २०२५ सालच्या दिवाळीत आला. निमित्त लहानसेच होते. आमचा दहा वर्षांचा जुना लॅपटॉप बदलावा की ठेवावा, आणि बदलावयाचा तर कोणता घ्यावा, एवढाच काय तो प्रश्न. परंतु नारायण पेठेत मनुष्याने 'लॅपटॉप घ्यावयाचा आहे' असे तिसऱ्या मजल्यावर म्हणावे, आणि जिना उतरून पत्र्या मारुतीपर्यंत पोहोचेतो त्यास चार मते मिळू नयेत, असे सहसा घडत नाही. चारांपैकी तीन मते परस्परविरुद्ध असतात, आणि चौथे त्या तिन्हींस मूर्ख ठरविणारे असते.

प्रथम आमची गरज सांगतो. आमचा व्यवसाय महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. परंतु पन्नाशीच्या सुमारास कोणी बागकामाच्या नादी लागतो, कोणी सतारीच्या, तसे आम्ही संगणकाच्या नादी लागलो. जुन्या मराठी ग्रंथांत कोणता शब्द किती वेळा येतो हे मोजणारे लहान लहान प्रोग्रॅम पायथन भाषेत लिहावे, ते हटकून चुकावे, आणि रात्री अकरा वाजता चूक सापडली म्हणजे पुनश्च पदवी मिळाल्याचा आनंद मानावा, असा हा निरुपद्रवी छंद आहे. त्यास फार मोठे यंत्र लागत नाही. भरवशाचे मात्र लागते.

आता अडचण अशी की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नित्याची डागडुजी मायक्रोसॉफ्टने थांबविली. इच्छुकांस ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत वाढवून दिली, इतकेच. तिच्या पुढची विंडोज ११ ही २०२१ सालीच आली होती. परंतु तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्याच नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमचा लॅपटॉप पडला २०१५ सालचा. तो चालत होता, लिहीत होता, मोजीत होता; परंतु नव्या घराच्या दारातून आत जाण्याइतका तो नवा नव्हता. यात कोणाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. कुलपे सुधारली म्हणजे जुन्या चौकटीस ती बसत नाहीत, हा सृष्टिक्रमच आहे.

सल्लागारांत पहिला आमचा भाचा. तो हिंजवडीस नोकरी करतो. तो म्हणाला, "मामा, मॅक घ्या नि मोकळे व्हा." त्याचे म्हणणे निराधार नव्हते. ॲपलने २०२० सालापासून स्वतःचे प्रोसेसर घालावयास आरंभ केल्यापासून ती यंत्रे थंड, अबोल आणि बॅटरीच्या बाबतीत विलक्षण काटक झाली आहेत. परंतु त्यांतील स्मृती, म्हणजे रॅम, जोडलेलीच येते. पहिल्या दिवशी जेवढी विकत घ्याल तेवढीच शेवटच्या दिवसापर्यंत. मुलीच्या लग्नात घेतलेल्या पातेल्याप्रमाणे, पुढे घरात माणसे वाढली तरी पातेले वाढत नाही! दुसरे सल्लागार आमचे एक सहकारी. त्यांचे मत, विंडोज सोडू नये. कारण महाविद्यालयातील यच्चयावत अर्ज, तक्ते आणि छपाईची यंत्रे तिच्याशीच गुण्यागोविंदाने नांदतात. हेही खरेच. तिसरा आमचा एक जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, लॅपटॉप बदलूच नका. लिनक्स घाला." ही प्रणाली १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नामक विद्यार्थ्याने आरंभिली आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी वाढविली. ती विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रावर हलकी चालते, आणि विशेष म्हणजे पेन ड्राइव्हवरून चालवून, यंत्रातील मजकुरास बोटही न लावता, पसंत करता येते. दोष एवढाच की, कधी कधी एखादा छपाईयंत्राचा किंवा वाय-फायचा तुकडा तिच्याशी अबोला धरतो.

तिघेही आपापल्या दैवताविषयी इतक्या आवेशाने बोलले की, शैववैष्णवांची आठवण व्हावी. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "पण मी म्हणते, तुमच्या त्या लॅपटॉपात आहे तरी काय?"

या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते. यंत्र कोणते घ्यावे याचा विचार आम्ही महिनाभर केला; त्यात ठेवावयाचे काय याचा विचार एक दिवसही केला नव्हता. म्हणून विद्यार्थ्याने दिलेला पेन ड्राइव्ह लावून, लिनक्सवरून आम्ही एकेक जुनी फाइल उघडून पाहू लागलो. निबंध उघडले, प्रश्नपत्रिका उघडल्या. आणि मग ती फाइल उघडली, जिचे नाव होते 'दादा'.

आमचे तीर्थरूप वाईकडील एका माध्यमिक शाळेत शिक्षक होते. उतारवयात त्यांची दृष्टी गेली, तेव्हा २००३ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या आणि आम्ही त्या त्या वेळच्या टेबलावरच्या संगणकावर टिपून घेतल्या. तीन वर्षांनी ते गेले. फाइल मात्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, घरच्या देवांप्रमाणे आम्ही भक्तिभावाने हलवीत आलो होतो. आणि घरच्या देवांप्रमाणेच तिच्याकडे कित्येक वर्षांत निरखून पाहिले नव्हते. ती उघडली तो काय! पडद्यावर एकही मराठी अक्षर नाही. रोमन लिपीतील तुकडे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे आणि मध्ये मध्ये रिकामे चौकोन. तीच फाइल विंडोजवर उघडली. तेथेही तोच प्रकार. म्हणजे अपराध कोणत्याही प्रणालीचा नव्हता.

कारण असे. त्या काळच्या पुष्कळ मराठी फाँटांत एक युक्ती असे. संगणकास आपण इंग्रजी अक्षर लिहीत आहो असेच वाटे. फक्त त्या अक्षराच्या जागी फाँट मराठी अक्षराचे चित्र दाखवी. चित्रे आहेत तोवर मराठी. चित्रे गेली की बाराखडीचा मुखवटा गळून आतला इंग्रजी सांगाडा उघडा पडे. आमचा फाँट ज्या सॉफ्टवेअरबरोबर आला होता ते एका खुंटीवजा किल्लीवाचून चालत नसे. ती संगणकाच्या पाठीमागे खोचावी लागे. तो संगणक आम्ही केव्हाच भंगारात दिला. किल्ली त्याच्याच पाठीशी राहिली असावी.

येथे आम्हांस दादांचेच एक बोलणे आठवले. त्यांस मोडी उत्तम वाचता येत असे. सुटीत पुण्यास आले म्हणजे ते सदाशिव पेठेत, १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसत. एकदा ते म्हणाले होते, "कागद टिकला म्हणजे लेख टिकला असं समजू नकोस. वाचणारा टिकला पाहिजे." रुमालात बांधलेली मोडी पत्रे शेकड्यांनी आहेत, शाई काळीभोर आहे, परंतु वाचणारी माणसे मोजकी राहिली. मोडीची ही दशा होण्यास काही पिढ्या लागल्या. आमच्या फाइलीची तीच दशा बावीस वर्षांत झाली.

नशिबाने पहिल्या प्रकरणाची छापील प्रत एका फडताळात सापडली. तीच आमची नवी किल्ली. छापील अक्षर आणि फाइलीतील चिन्ह शेजारी शेजारी ठेवून आम्ही एक कोष्टक केले, आणि त्यावरून युनिकोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम लिहावयास बसलो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. तीत प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा २३२५, 'ख' चा २३२६. मग फाँट कोणताही असो, यंत्र कोणतेही असो, 'क' हा 'क'च राहतो. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर केसरीवाडा आहे. देवनागरीचे खिळे संख्येने कमी करण्यासाठी लोकमान्यांनी पुष्कळ खटपट केली होती. अक्षर यंत्रात कसे बसवावे, हा प्रश्न या पेठेस नवीन नाही.

आठ रात्री गेल्या. ऱ्हस्व वेलांटीने फार छळले. कारण जुन्या फाँटात ती दिसते तशी अक्षराच्या आधी लिहिलेली, तर युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे नंतर. शिवाय आमच्या कोष्टकात 'आचाऱ्यांनी' मधला अर्धा ऱ आणि 'आचार्यांनी' मधला रफार यांत भेद केलेला नव्हता. त्यामुळे दादांच्या मुंजीच्या वर्णनात 'आचार्यांनी भराभर जिलब्या तळल्या' असे वाक्य निघाले. आमच्यासारख्या अध्यापकास ते खोडवेना, तरी खोडले. चौकोनांचा प्रश्न अधिक बिकट होता. कधी तरी नकल करताना काही चिन्हे, त्यांत 'ठ' आणि 'ढ' ही दोन्ही, पार पुसली जाऊन सर्वांचा एकच चौकोन झाला होता. साध्या शब्दांत संदर्भावरून उमगे. 'आ' आणि 'वण' यांमध्ये चौकोन असला तर ती आठवणच असावयाची. परंतु दादांना ज्यांनी पहिले अक्षर गिरवावयास शिकविले त्या मास्तरांचे आडनाव सबंध लेखात एकदाच आले होते, आणि त्याचे पहिलेच अक्षर चौकोन. ढोले की ठोले? विशेषनामास संदर्भ नसतो. तो चौकोन आम्ही तसाच राहू दिला.

लॅपटॉपचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. आम्ही नवा घेतला नाही. चार स्क्रू काढून तो उघडता येतो, हा त्याचा गुण आम्हांस दहा वर्षांनी कळला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या बाजारातून एसएसडी आणि रॅम आणून बसविली. चारांची आठ जीबी झाली. आमचे वाय-फाय आणि छपाईयंत्र लिनक्सशी बोलते याची खात्री करून मग ती कायमची घातली. महाविद्यालयाचे तक्ते महाविद्यालयाच्या विंडोजवर भरतो. ज्याचे पोट एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्याने ते जेथे चालते तेच यंत्र घ्यावे. त्यात कमीपणा नाही. परंतु छंदासाठी यंत्र निवडणाऱ्याने किंमत आणि वेग पाहण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्या, असे आम्हांस आता वाटते. हे उघडता येते काय? आणि यात मी जे लिहीन ते या यंत्रावाचून वाचता येईल काय? पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले तर पैसे जातात; दुसऱ्याचे आले तर काय जाते, हे आम्ही पाहिले.

पुढे भाऊबीजेच्या नंतरच्या रविवारी भाचा आला. "मग मामा, शेवटी कुठला घेतलात?" आम्ही उत्तर न देता त्याच्या आजोबांची छापलेली पाने त्याच्या हाती दिली. तो वाचीत गेला, हसला, आणि चौकोनापाशी थांबला. आम्ही अडचण सांगितली. तो म्हणाला, "आईला विचारलंत?"

विचारले नव्हते. कोष्टके केली, प्रोग्रॅम लिहिले. साताऱ्यास थोरली बहीण आहे हे काही सुचले नाही! त्याने तेथल्या तेथे फोन लावला. ताईने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "ठोले! अरे, अंगानं अगदी काडी होते म्हणे ते. म्हणून पोरं मागून 'ढोले मास्तर, ढोले मास्तर' करायची, आणि दादांनी त्यापायी छड्या खाल्ल्या होत्या."

ही छड्यांची गोष्ट दादांनी आम्हांस सांगितली नव्हती. ती आम्ही तळटीप म्हणून शेवटच्या पानावर घातली आहे, आणि चौकोनाच्या जागी 'ठ' लिहिला आहे.