चौसाळ्याला थांबलात तर...

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की पहिला मोठा टप्पा मांजरसुंब्याचा. घाट चढून वर आले की तिथे रस्ते फुटतात. एक केज-अंबाजोगाईकडे जातो, एक पाटोद्यावरून नगरकडे, आणि सरळ जाणारा चौसाळ्यावरून धाराशिव, तुळजापूर करीत सोलापूर गाठतो. मांजरसुंब्याजवळच कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी आणि डोंगरातून पडणारा धबधबा पाहायला लोक तिकडे वळतात. ते दर्शन आटोपून पुढे निघाले की बालाघाटाच्या माळावरून जाता जाता चौसाळा लागते.

गाव बीड तालुक्यातले. विधानसभेचा एक मतदारसंघ याच नावाचा होता. २००९ च्या निवडणुकीपासून तो राहिला नाही. पण त्यामुळे चौसाळा हे नाव ज्यांनी गाव पाहिले नाही त्यांनाही ठाऊक आहे. आसपासच्या वाड्यावस्त्यांना किराणा, औषध, बी-बियाणे, लुगडे-धोतर सगळ्यासाठी चौसाळाच जवळचे. नवरात्रात तुळजापूरला जाणारे भक्त याच रस्त्याने जातात. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांची वाहनेही याच रस्त्याला दिसतात. भांडीकुंडी, शेळी, लेकरे आणि सहा महिन्यांचा संसार त्यात भरलेला असतो.

पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग २११ होता, आता तो ५२ क्रमांकाचा झाला आणि चार पदरी झाला. पूर्वी गाड्या हळू जात, चहाला थांबत. आता सुसाट निघून जातात. थांबतो तो एक तर गरजेचा किंवा कुणीतरी सांगितलेला. "चौसाळ्याला थांबा, अमुक खा, तमुक घ्या," असे कुणी सांगितले तरच पाहुणा खाली उतरतो. म्हणजे चांगल्या शब्दावर इथल्या लहान माणसाची चूल पेटते. आणि वाईट शब्दावर विश्वास टाकला तर आपल्या घरचा पैसा आणि पोट दोन्ही बिघडते.

माझी सगळी नोकरी खेड्यांत गेली. शेतकरी मंडळी पिकाविषयी विचारतात तसेच इतरही विचारतात. "साहेब, तेल कोणतं चांगलं?" "साहेब, पाव्हण्याला जेवायला कुठं न्यावं?" अशा वेळी मला आमच्या खात्यातला 'शिफारस' हा शब्द आठवतो. एखाद्या वाणाची शिफारस होण्याआधी तो अनेक हंगाम, अनेक ठिकाणी पेरून पाहतात. मग शेतकऱ्याच्या रानात पाहतात. आणि शिफारस करताना अटही सांगतात. रब्बी ज्वारीचेच घ्या. राहुरीच्या विद्यापीठाने हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा आणि भारी जमिनीला फुले वसुधा सांगितली आहे. सगळ्यांना एकच वाण सांगितलेले नाही. खाण्यापिण्याची नि रोजच्या वस्तूंची शिफारसही अशीच असावी. स्वतः वापरलेले असावे, एकदा नव्हे तर अनेकदा, आणि कुणाला, केव्हा, किती हेही सांगावे. त्या हिशेबाने या रस्त्यावरच्या माझ्या चार शिफारशी देतो.

पहिली गोष्ट जेवणाची. हॉटेलांची नावे मी देत नाही. आचारी बदलला की चव बदलते आणि पाटी मात्र तीच राहते. त्यापेक्षा खूण सांगतो. सकाळी आलात तर सुशीला खावी. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची ही न्याहारी आपल्या मराठवाड्याची. पोटाला हलकी, लेकरांना आवडणारी आणि खिशाला परवडणारी. फोडणी डोळ्यांदेखत पडली पाहिजे. परातीत केव्हाची करून ठेवलेली सुशीला वातड होते. दुपारी आलात तर ज्वारीची भाकरी, पिठले आणि ठेचा. जिथे भाकरी मागितल्यावर थापायला घेतात, तिथे दहा मिनिटे बसावे लागते, खुशाल बसावे. भाकरी तव्यावरून ताटात आली की निम्मे काम झाले. भज्यांच्या बाबतीत कढईत डोकवा. तेल काळे आणि दाट झाले असेल, फेस येत असेल, तर वास कितीही छान येवो, चहा घेऊन उठा. पिण्याचे पाणी कशात भरले आहे आणि घागरीत हात घालून काढतात की ओगराळ्याने, हेही पाहावे. आजारी माणूस किंवा तान्हे लेकरू सोबत असेल तर घरचे पाणी बरोबर असलेले केव्हाही चांगले.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. जीपवाला किंवा गाडीवाला म्हणतो, "इथं जेवा, एक नंबर आहे." त्याला विचारावे, "दादा, तुमच्या ताटाचे पैसे कोण देतं?" गिऱ्हाईक आणणाऱ्या वाहनचालकाला फुकट जेवण घालण्याची पद्धत महामार्गावर जुनी आहे. त्यात त्याचा दोष काढायचा नाही, पण फुकट जेवणाऱ्याची शिफारस आणि पदरचे पैसे मोजणाऱ्याची शिफारस यांचे वजन एक नसते.

दुसरी गोष्ट सीताफळांची. बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ म्हणजे या भागाचे वैभव. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्रही आहे. पाऊस सरता सरता रस्त्याच्या कडेला पाट्या दिसू लागतात. फळाचे डोळे उघडून मधल्या चिरा पिवळसर दिसू लागल्या की फळ तोडण्याजोगे झाले असे समजावे. डोळे मिटलेले, हिरवे टणक फळ घरी नेऊन पिकत नाही, ते कडक होऊन वाळते.

एकदा एक गिऱ्हाईक पाटीवाल्या मावशींना म्हणाले, "सगळी पाटी द्या, आज संध्याकाळी पाहुणे आहेत." मावशी म्हणाल्या, "दादा, आज खायची असतील तर ही चार घ्या. बाकीची परवा होतील. आज फोडली तर तुम्हीच मला नावं ठेवाल." गिऱ्हाईक चारच घेऊन गेले. वाचकहो, यात त्या बाईंचे काय पणाला लागले होते ते पाहा. तोडलेले सीताफळ दोन-तीन दिवसांत मऊ पडते. विकले नाही तर पाटी वाया. तरीही त्यांनी खरे सांगितले. माल विकणाऱ्याने स्वतःच्या तोट्याचे सांगितले तर त्याचा बाकीचा शब्द डोळे मिटून घ्यावा. मी त्या दिवसापासून सीताफळे त्यांच्याकडूनच घेतो आणि दुसऱ्यांनाही तेच सांगतो. जाता जाता एक. सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठी लेकीबाळींच्या डोक्याला लावू नका. ती पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला मोठी इजा होते.

तिसरी गोष्ट खव्या-पेढ्यांची. चौसाळा सोडून पारगावच्या पुढे सरमकुंडीच्या बाजूला गेले की कुंथलगिरीच्या पेढ्याच्या पाट्या दिसू लागतात. कुंथलगिरी हे भूम तालुक्यातले जैन तीर्थक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. त्या भागात पाऊस कमी, पण गाई-म्हशी घरोघर. दूध दूरच्या गावी पोचवण्यापेक्षा आटवून खवा करणे सोयीचे पडले आणि भट्ट्या उभ्या राहिल्या. कुंथलगिरीच्या खव्यालाही २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणून ही शिफारस मी आनंदाने करतो. लग्नकार्याला, बारशाला, तुळजापूरहून परतताना न्यावा असा हा माल आहे.

पण घेताना हिशेब करा. आपण दूध काढणारी माणसे, आपल्याला तो जमतो. म्हशीचे साधारण ५ लिटर दूध आटवले की १ किलो खवा उतरतो. गाईचे असेल तर साडेपाच-सहा लिटर लागते. त्यावर सरपण आणि मजुरी. आता तुमच्या गावात डेअरीला दुधाचा जो भाव मिळतो त्याला पाचाने गुणा. कुणी त्याहून स्वस्त खवा देत असेल तर तो दान करायला बसलेला नाही, त्यात दुसरे काहीतरी मिसळले आहे. शंका वाटल्यास चमचाभर खवा थोड्या पाण्यात उकळून गार करावा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. रंग निळा झाला तर पीठ किंवा स्टार्च मिसळला आहे. तपासलेला नमुना फेकून द्यावा, लेकरांच्या हाती लागू देऊ नये. पेढ्यात साखर असतेच, म्हणून खव्याचा नि पेढ्याचा भाव एकाच मापाने मोजू नका. आणि खवा उन्हाळ्यात फार टिकत नाही. दोन दिवसांत संपेल इतकाच घ्या.

चौथी गोष्ट घरच्या तेलाची आणि रोजच्या वापराची. आमच्या घरी भाजीला करडईचे तेल असते. रानात दोन पाभरी करडई पेरली तर घरापुरते तेल निघते. साधारण चार किलो करडईला एक किलो तेल धरून चालावे, घाण्याप्रमाणे थोडे कमी-जास्त. पेंड जनावराला होते. परभणीच्या विद्यापीठाचा परभणी कुसुम हा वाण आपल्या भागात चांगला रुळला आहे. घाण्यावर करडई आपली न्यावी आणि समोर बसून काढून आणावी. विकतचे घेतले तर डब्यावर बांधणीची तारीख, निव्वळ वजन आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक वाचावा. चष्मा नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घ्यावा. तिचाही अभ्यास होतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना एक सांगणे. ताडपत्री घेताना रंगावर जाऊ नका. एकाच मापाच्या दोन ताडपत्र्या हातात घेऊन तोलून पाहा. जड ती जाड. कडा दुमडून शिवलेल्या असाव्यात आणि दोरी ओवायची कडी हाताने ओढून पाहावी. थंडीच्या रात्री फडात, कोपीवर ती एकच पांघरूण असते. तिच्यात पन्नास रुपये वाचवून लेकरू भिजवण्यात शहाणपण नाही. ही वस्तू उचल मिळाल्याच्या दिवशी गर्दीत घेऊ नये, आठ दिवस आधी पाहून ठेवावी.

आता या सगळ्यात अवघड जागा सांगतो. पुष्कळ घरांचे खाते एकाच दुकानात असते. पावसाळ्याच्या तोंडाला बी, खत, औषध उधारीवर मिळते आणि सुगीला फेड होते. उधारी देणारा दुकानदार अडल्या वेळी उपयोगी पडतो, हे खरे. पण ज्याच्याकडे उधारी, त्याने काढून दिलेली पिशवी मुकाट घ्यावी लागते आणि तिथे शिफारशीची निवड उरत नाही. म्हणून निदान एवढे करा. पेरणीपूर्वी वाणाचे नाव आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून कागदावर लिहून न्या. पिशवीची खूणचिठ्ठी पाहा. पायाभूत बियाण्याला पांढरी असते, प्रमाणित बियाण्याला निळी. उधारी असली तरी पक्की पावती मागा. पिशवी, चिठ्ठी आणि मूठभर बी सुगी होईपर्यंत जपून ठेवा. उगवण फसली तर पंचनाम्याच्या वेळी हाच पुरावा. कोणत्याही मालाविषयी तक्रार असेल तर ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली आला आणि २०१९ साली तो नव्याने झाला. तो शहरातल्या माणसाइतकाच आपलाही आहे.

मायबहिणींनो, पाणवठ्यावर, दळणाच्या गिरणीत, देवळाच्या पायरीवर आपण रोज एकमेकींना काही ना काही सांगत असतो. अमक्याची मिरची चांगली, तमक्याचा गूळ चिकट. या बोलण्याला हलके समजू नका. जाहिरातीला पैसे नसलेल्या खवेवाल्याची, भाकरी थापणाऱ्या बाईची, सीताफळाची पाटी घेऊन उन्हात बसलेल्या म्हातारीची जाहिरात तुमच्याच तोंडाने होते. सांगताना तीन गोष्टी जोडून सांगा: मी ते स्वतःच्या पैशाने घेतले आहे, इतके दिवस वापरले आहे, आणि त्यात एवढे एक उणे आहे. उणे सांगितले म्हणून कुणाचे गिऱ्हाईक तुटत नाही. उलट काय सांभाळायचे ते ऐकणाऱ्याला कळते.

तुळजापूरला जाल तेव्हा चौसाळ्याला अर्धा तास काढून ठेवा. ताजी भाकरी खा, हंगाम असेल तर सीताफळे चिरा पाहून घ्या आणि मालवाल्याला मोजून पैसे द्या. माल आवडला तर पुढच्या गावी नाव सांगा. आवडला नाही तर त्यालाच तोंडावर सांगा. सुधारायची संधी त्यालाही मिळाली पाहिजे.